इन्शुलिन पंप, प्रणेतृदोष आणि आपली जबाबदारी

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील पाचवा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासलेला आहे. बस्तिनेत्राचे आठ दोष, बस्तिपुटकाचे आठ दोष आणि बस्ती देणाऱ्या प्रणेत्याचे दहा दोष अशी व्यापदांची शिस्तबद्ध मांडणी त्या अध्यायात आहे. निदान अचूक असले, औषध उत्तम असले आणि रुग्ण योग्य असला, तरी नळी वाकडी असेल, बंधन सैल असेल किंवा देणाऱ्याचा हात चुकला तर उपचाराचाच अपाय होतो, हे त्या मांडणीचे मर्म होय. परीक्षा संपली की ही यादी बहुतेकांच्या स्मरणातून निघून जाते. ती पुन्हा उघडण्याचे निमित्त आज एका आधुनिक यंत्राने दिले आहे. ते यंत्र म्हणजे इन्शुलिन पंप.

मालाडसारख्या उपनगरात व्यवसाय करणाऱ्या वैद्याला हे यंत्र आता अपरिचित राहणे परवडणारे नाही. पंप लावलेला रुग्ण पंपासाठी आपल्याकडे येत नाही. तो पंप लावून येतो. त्याची तक्रार अम्लपित्ताची असते, जुनाट प्रतिश्यायाची असते, त्वचाविकाराची असते. कमरेला मोबाइलसारखी दिसणारी एक लहानशी डबी असते आणि तिची बारीक नळी कपड्याआड गेलेली असते. आपण विचारले नाही तर तो सांगेलच असे नाही. अशा वेळी आपल्या व्यवसायात दोन प्रवृत्ती दिसतात. एक म्हणते, ‘हा आपला विषय नव्हे, त्याचे डॉक्टर पाहतील.’ दुसरी म्हणते, ‘आमचे औषध सुरू करा, हळूहळू यंत्र काढून टाकू.’ पहिली प्रवृत्ती निष्काळजी आहे आणि दुसरी घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. इन्शुलिनच्या मात्रेला हात लावण्याचा अधिकार आपला नाही. परंतु यंत्र कोठे चुकते आणि चुकल्यावर रुग्ण कसा दिसतो, हे ओळखण्याची जबाबदारी मात्र निश्चितपणे आपली आहे.

पूर्वपीठिका

सुश्रुताचार्यांनी प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद सांगितले. पहिल्यातील रुग्ण कृश, रूक्ष, अल्पाहारी आणि तृषार्त. दुसऱ्यातील स्थूल, बह्वाशी आणि आसनसुखात रमणारा. चरकाचार्यांनीही कृश आणि स्थूल प्रमेहींची चिकित्सा भिन्न सांगून कृशाला बृंहण विहित केले, आणि बीजदोषाने आलेला कुलज प्रमेह असाध्य मानला. सहज प्रमेह म्हणजेच आजचा टाइप १ मधुमेह, असे सरसकट समीकरण मांडणे शास्त्रीय ठरणार नाही. तथापि कृश प्रमेहीला स्थूलाची चिकित्सा देऊ नये, हा इशारा तेथे स्पष्ट आहे. १९५५ मध्ये मुंबईत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन करणारे डॉ. एस. एस. आजगावकर यांनी प्राचीन भारतीय वैद्यकातील मधुमेहविचारावर लिहिले आणि त्याच वेळी आधुनिक मधुमेहचिकित्सेची चळवळही उभी केली. दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत नांदू शकतात, याचे हे आपल्याच शहरातील उदाहरण आहे.

टाइप १ मधुमेहात स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात. इन्शुलिनपूर्व काळात अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनी अशा रुग्णांना कठोर लंघनावर ठेवले. काहींचे आयुष्य त्यामुळे थोडेफार वाढले; पण ती मुले अस्थिपंजर होऊनच गेली. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोमध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसन याला इन्शुलिनचा अर्क प्रथम टोचण्यात आला. तो अर्क अशुद्ध होता. कॉलिप यांनी अधिक शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून दिल्यावर मुलगा सुधारला आणि पुढे तेरा वर्षे जगला. या रोगात केवळ लंघनाचा प्रयोग जगाने करून पाहिला आहे. तो पुन्हा करण्याची आवश्यकता नाही.

यंत्राची ओळख

पंपाची कल्पना जुनी आहे. १९६०च्या दशकात लॉस एंजलिसचे डॉ. अर्नोल्ड कॅडिश यांनी पाठीवर वाहून नेण्याएवढे अवजड यंत्र तयार केले होते. १९७८ मध्ये लंडनच्या पिकअप आणि कीन यांनी त्वचेखाली अखंड इन्शुलिन देण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. १९९३ मध्ये अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. दिवसाला तीन वा अधिक इंजेक्शने किंवा पंप यांच्या साहाय्याने साखर काटेकोर ठेवल्यास, दृष्टिपटल निरोगी असलेल्यांत तेथील विकार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. मात्र साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. लाभ आणि धोका एकाच निष्कर्षात आहेत, हे ध्यानात ठेवावे.

आजच्या पंपात सामान्यतः १.८ किंवा ३ मिलिलिटरची कुपी असते. तीत जलद कार्य करणारे इन्शुलिन भरतात. दिवसरात्र थेंबाथेंबाने जाते ती ‘बेसल’ मात्रा. जेवणाच्या वेळी बटण दाबून दिली जाते ती ‘बोलस’ मात्रा. त्वचेखाली मऊ कॅन्युला असते आणि ती दर दोन-तीन दिवसांनी बदलावी लागते. काही पंप नळीविरहित असून थेट त्वचेला चिकटतात. काही नवे पंप सेन्सरच्या नोंदीवरून बेसल मात्रा आपोआप कमी-जास्त करतात. परंतु जेवणाची वर्दी त्यांनाही द्यावीच लागते.

या रचनेतच मुख्य धोका दडलेला आहे. इंजेक्शन घेणाऱ्याच्या शरीरात दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्शुलिनचा साठा असतो. पंपधारकाच्या शरीरात तसा साठा नसतो. प्रवाह थांबला की काही तासांतच कीटोन वाढू लागतात आणि त्याच दिवशी कीटोॲसिडोसिसची अवस्था ओढवू शकते.

नेत्रदोष आणि बस्तिदोष

आता सिद्धिस्थानाची यादी समोर ठेवावी. प्राचीनांना इन्शुलिन पंप ठाऊक होता असे मला मुळीच म्हणायचे नाही. तसली विधाने आपल्या शास्त्राचा मान घटवतात. मात्र नळीने औषध देताना चूक कोठकोठे शोधावी, याची त्यांनी घालून दिलेली शिस्त येथे जशीच्या तशी उपयोगी पडते.

वक्र : त्वचेखाली कॅन्युला दुमडणे हा सर्वात सामान्य अपघात. बाहेरून सर्व काही ठीक दिसते, आत औषध जात नाही. म्हणून नवी कॅन्युला बसविल्यावर एक-दोन तासांनी साखर तपासावी, आणि झोपण्यापूर्वी कॅन्युला बदलू नये.

शिथिलबंधन व पार्श्वच्छिद्र : जोड सैल राहिला किंवा नळीला चीर गेली तर इन्शुलिन बाहेर झिरपते. चिकटपट्टी ओलसर लागणे आणि औषधी उग्र वास येणे ही त्याची खूण. अडथळा आल्यास पंप गजर देतो. गळतीसाठी मात्र गजर होत नाही. अडथळ्याचा गजरही मंद बेसल मात्रेत काही तास उशिरा होऊ शकतो. ‘यंत्र शांत आहे म्हणजे औषध जाते आहे’ हा नवशिक्याचा भ्रम आहे.

जीर्ण : ‘अजून चालते आहे’ म्हणून तीच कॅन्युला चार-पाच दिवस ठेवणे. जागा लाल होते, शोषण अनियमित होते. एकाच जागी वारंवार टोचल्यास त्वचेखाली गाठी होतात आणि तेथे औषध नीट शोषले जात नाही. पोटाची तपासणी करताना आपल्या बोटांना या गाठी सहज कळतात. रुग्णाला त्या दाखवून द्याव्यात.

ह्रस्व आणि दीर्घ : कॅन्युलेची लांबी देहयष्टीनुसार निवडतात. कृश बालकात लांब कॅन्युला मांसापर्यंत पोहोचते.

बस्तिपुटकाच्या जागी येथे कुपी आहे. शीतकपाटातून काढलेले थंड इन्शुलिन तसेच भरले तर ते कोमट होताना हवेचे बुडबुडे सुटतात. म्हणून ते आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. उन्हात तापलेल्या वाहनात राहिलेले इन्शुलिन निर्वीर्य होते. आपल्या देशात आणखी एक सापळा आहे : येथे मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या कुप्याही विकल्या जातात आणि १०० युनिटच्याही. पंपाचे गणित १०० वर आधारलेले असते. घाईत ४० ची कुपी भरली गेली तर रुग्णाला अपेक्षित मात्रेच्या दोन पंचमांशच औषध मिळते. शिवाय त्या कुप्यांतील इन्शुलिन पंपासाठी योजलेले जलद प्रकारचे नसते. औषधविक्रेत्याकडे जाणाऱ्या घरच्या मंडळींना ही गोष्ट लिहून द्यावी.

प्रणेतृदोष

चरकाचार्यांच्या यादीत प्रणेत्याचा पहिला दोष ‘सवात’ आहे. पंपाच्या नळीतील हवा बस्तीप्रमाणे शूल उत्पन्न करीत नाही, पण ती इन्शुलिनची जागा घेते आणि तेवढी मात्रा बुडते. नळीत हवा राहू नये म्हणून ती इन्शुलिनने भरून घ्यावी लागते, आणि येथेच सर्वात भयंकर चूक संभवते. नळी भरताना ती शरीरापासून विलग असलीच पाहिजे. जोडलेल्या अवस्थेत नळी भरली तर अनेक युनिट इन्शुलिन एकदम शरीरात जाते. हा नियम प्रत्येक पंपधारकाला आणि त्याच्या घरातील किमान एका व्यक्तीला तोंडपाठ असावा.

‘अतिवेग’ हा दोष येथे वेगळ्या रूपात भेटतो. जेवणानंतर तासाभराने साखर चढलेली दिसते, रुग्ण घाबरतो आणि पुन्हा बोलस देतो. अर्ध्या तासाने आणखी एक. आधीच्या मात्रेचे कार्य अजून उरलेले असते. मात्रांवर मात्रा चढतात आणि दोन-तीन तासांनी साखर कोसळते. पंप शिल्लक इन्शुलिन दाखवितो. तो आकडा पाहण्याची सवय प्रारंभापासून लावली पाहिजे. ‘मंद’ दोष म्हणजे बोलस विसरणे, किंवा जेवण संपल्यावर आठवण होणे.

एक दोष मात्र प्राचीन यादीत सापडणार नाही : घड्याळाचा. बेसल मात्रा प्रहरानुसार बदलत असते. बॅटरी बदलताना सकाळ-संध्याकाळची नोंद उलटी झाली तर रात्रीची मात्रा दिवसा आणि दिवसाची रात्री जाते. मालाड पश्चिमेच्या कार्यालयांत रात्रपाळी करणाऱ्या तरुणांना हा धोका दुहेरी आहे. त्यांचा आहार आणि निद्रा दोन्ही उलटलेली असतात. दिवसपाळीसाठी आखलेली मात्रा त्यांना लागू पडत नाही. पाळी बदलली की डॉक्टरांना कळविणे आवश्यक आहे.

योग्या

या सर्व दोषांवरचा उपाय सुश्रुताचार्यांनी एका शब्दात सांगितला आहे : योग्या. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात छेदनकर्म कोहळा, भोपळा, काकडी यांवर आणि बस्तिकर्म पाण्याने भरलेल्या घटाच्या पार्श्वछिद्रावर शिकावे असे सांगितले आहे. शास्त्र पढलेला मनुष्यही योग्या केल्याखेरीज कर्मास अयोग्य, असा तेथील निर्वाळा आहे. पंप शिकविणाऱ्या अनेक केंद्रांत प्रारंभी काही दिवस यंत्रात केवळ सलाइन भरून रुग्णाकडून सर्व क्रिया करवून घेतात आणि इन्शुलिन तोपर्यंत इंजेक्शनानेच देतात. भरलेल्या घटावरील योग्याच ही.

यंत्राची किंमत लाखांच्या घरात आणि मासिक खर्चही मोठा. त्यामुळे खरेदीच्या निर्णयात घरची सारी शक्ती खर्च होते आणि शिक्षण एका दुपारी उरकले जाते. खरे तर क्रम उलटा हवा. दिवसातून अनेक वेळा साखर तपासणे, पदार्थातील कर्बोदके मोजणे आणि इंजेक्शनाची मात्रा त्यानुसार ठरविणे ज्याला अवगत आहे, त्यालाच पंप लाभतो. ज्याला ते जमत नाही, त्याच्या हाती पंप अधिक धोकादायक ठरतो.

या शिक्षणात परिसराचाही विचार हवा. गर्दीच्या वेळी मालाड स्थानकावर लोकलमध्ये चढताना नळी अडकून कॅन्युला निघू शकते. नळी कपड्याच्या आत असावी आणि उतरल्यावर हात लावून पाहावी. मार्वे वा अक्सा येथे समुद्रस्नानासाठी पंप काढला की वेळेचे भान सुटते. दोन तासांहून अधिक काळ पंप दूर ठेवणे धोक्याचे. गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत तासन्‌तास नाचणाऱ्या मुलाची साखर उतरते, रात्री झोपेतही उतरते; त्या दिवसाची बेसल मात्रा आधीच ठरवून घ्यावी. एकादशीला ‘आज उपवास, म्हणून बोलस नाही’ हे गणित साबुदाण्याच्या खिचडीपुढे टिकत नाही, कारण ती कर्बोदकांनी भरलेली असते. आणि निरशन उपवासातही बेसल मात्रा बंद करावयाची नसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा उपनगरांतील असंख्य लोकांनी रात्र गाडीत वा कार्यालयात काढली. त्या दिवसाचे स्मरण ठेवून पंपधारकाच्या पिशवीत नेहमी इन्शुलिन पेन, जादा कॅन्युला, बॅटरी, तपासणीच्या पट्ट्या आणि साखर असावी.

आपल्या चिकित्सालयात

सर्वांगाला तेल लावल्याने कॅन्युला आणि सेन्सर यांची चिकटपट्टी सुटते. स्वेदनाच्या उष्णतेने त्वचेखालील इन्शुलिन वेगाने शोषले जाऊन साखर उतरू शकते, आणि बाष्पपेटीत यंत्रही बिघडते. म्हणून पंपधारकाला अभ्यंग-स्वेदन द्यावयाचेच असेल तर ते मर्यादित भागाला, कॅन्युलेची जागा वगळून, थोडा वेळ आणि आधी-नंतर साखर तपासून द्यावे. वमन-विरेचनाबाबत माझे मत कठोर आहे. द्रवहानी, अनशन आणि इन्शुलिनची चुकलेली मात्रा यांचा संयोग कीटोनला आमंत्रण देतो. टाइप १ मधुमेहीत ही कर्मे बाह्यरुग्ण विभागात करूच नयेत.

औषधयोजनेतही भान हवे. आसव-अरिष्टे आणि अवलेह यांतील गूळ-साखर रुग्णाच्या मोजणीत धरली गेली पाहिजे. मेषशृंगी, मेथी, कारले, विजयसार यांनी साखर उतरण्यास हातभार लागतो. पंपधारकात तो हातभार न सांगता लावणे म्हणजे डॉक्टरांनी आखलेल्या मात्रेत गुपचूप ढवळाढवळ करणे होय.

सर्वात महत्त्वाचा प्रसंग शेवटी. पंप लावलेले मूल उलटी, पोटदुखी, मळमळ आणि तहान घेऊन आपल्याकडे येते. नाडी जलद, जिभेला कोरड, श्वास खोल, मुखाला फळासारखा गंध, थोडी ग्लानी. दोन दिवसांपूर्वी बाहेरचे खाणे झालेले असते. अजीर्ण म्हणून लंघन व पाचन देण्याचा मोह स्वाभाविक आहे, आणि या एका चुकीने मूल दगावू शकते. अशा वेळी पहिला प्रश्न आहाराचा नव्हे, कॅन्युलेचा. साखर २५० च्या वर असेल आणि कीटोन आढळले, तर पंपाने दिलेल्या मात्रेवर विसंबू नये. डॉक्टरांनी शिकविल्याप्रमाणे पालकांनी पेनाने इन्शुलिन द्यावे, कॅन्युला बदलावी, आणि उलट्या होत असतील तर तत्काळ रुग्णालय गाठावे. कीटोन तपासण्याची सोय नसेल तरी थांबू नये. उलट, रुग्ण घामाघूम, थरथरता व गोंधळलेला असेल आणि साखर ७० च्या खाली असेल, तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. पेढा-चॉकलेट देऊ नये. त्यातील स्निग्धांशामुळे उशीर होतो. शुद्ध हरपलेल्याच्या मुखात काहीही घालू नये. पंप विलग करून रुग्णालयात न्यावे.

यासाठी आपल्या रुग्णपत्रिकेत पाच ओळींची जागा ठेवावी : कॅन्युला केव्हा बदलली, शेवटचे जेवण व बोलस केव्हा, आत्ताची साखर किती, पेन जवळ आहे का, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दूरध्वनी कोणता. हे पाच प्रश्न विचारण्यास दोन मिनिटे लागतात.

‘पंपापासून मुक्ती’ असे फलक लावणाऱ्या व्यवसायबंधूंना एवढेच सांगावेसे वाटते की, मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे; पण कायदा नसता तरीही हे कृत्य वैद्यकर्माला शोभणारे ठरले नसते. नागपूरची ड्रीम ट्रस्ट आणि छत्रपती संभाजीनगरची उडान या संस्था टाइप १ मधुमेही मुलांसाठी वर्षानुवर्षे कार्य करीत आहेत. आपल्याकडे आलेल्या पालकांना अशा कार्याकडे वळविणे हीदेखील चिकित्साच होय.

आपल्या संघटनेच्या मालाड शाखेने एखाद्या मधुमेहतज्ज्ञाला पाचारण करून सलाइन भरलेल्या पंपावर अर्ध्या दिवसाचे प्रात्यक्षिक योजावे, अशी माझी सूचना आहे. प्रत्येक सदस्याने नळी विलग करून भरावी, कॅन्युला बसवावी आणि वाकलेली कॅन्युला स्वतः पाहावी. पंपाचे प्रणेते आपण नाही, रुग्ण स्वतः आहे. परंतु त्याच्या हातून व्यापद घडली तर ती पहिल्यांदा ज्याच्या दारात येईल, तो कदाचित आपल्यापैकीच कोणी असेल.